आधी प्रसंग ठरवा, मग पत्रा कापा

वाचकांचे प्रश्न : यंत्रे आणि वाहने

प्रश्न : सादर नमस्कार. आम्ही इंदूरमधील अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आणि महू येथे स्थायिक झालेले काही निवृत्त सैनिक मिळून दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैन्याच्या कामगिरीवर एक मैदानी सादरीकरण करण्याच्या विचारात आहोत. १२ मे १९४३ रोजी ट्युनिशियात जर्मन सेनापती फॉन आर्निम चौथ्या भारतीय डिव्हिजनला शरण आला, तो प्रसंग आम्ही निवडला आहे. त्यासाठी जर्मन लष्करी अधिकाऱ्यांच्या मोटारीची चालती प्रतिकृती बनवायची आहे. आमच्यातील एका काकांकडे जुनी महिंद्रा जीप पडून आहे आणि तिच्यावरच जर्मन मोटारीची बॉडी चढवावी, असा बहुतेकांचा कल आहे. कोणती मोटार निवडावी, जीपचा पाया चालेल का, रंग कोणता द्यावा आणि ही मोटार रस्त्यावर चालवता येईल का, याविषयी मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपण मोटारीच्या आधी प्रसंग निवडला, ही अतिशय योग्य सुरुवात झाली. अशा कामात बहुतेक मंडळी आधी गाडी बनवतात आणि मग तिला शोभेल असा प्रसंग शोधत बसतात. जर्मन लष्करी वाहनांचे रंग, दिवे, स्टेपनीची जागा, एवढेच काय बॉडीची ठेवणसुद्धा युद्धाच्या काळात बदलत गेली. त्यामुळे तारीख आणि स्थळ निश्चित असेल, तर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

फॉन आर्निम हा त्या वेळी आफ्रिकेतील जर्मन-इटालियन आर्मी ग्रुपचा प्रमुख होता. एवढ्या मोठ्या पदावरच्या सेनापतीसाठी होर्ख ९०१ किंवा श्टायर १५०० यांसारख्या भारदस्त मोटारी असत. होर्खला ३.८ लिटरचे, तर श्टायरला ३.५ लिटरचे हवेने थंड होणारे इंजिन होते आणि दोन्ही इंजिने आठ सिलिंडरची होती. होर्खचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, ३१०० मिलिमीटर होता. एवढी मोठी बॉडी हाताने घडवणे आणि तिला साजेसा पाया मिळवणे हे पहिल्याच प्रयत्नात हाती घेण्याजोगे काम नव्हे. पुढेमागे ते करायचेच ठरले, तर आपल्या पीथमपूरला बनणाऱ्या ट्रॅक्स या प्रवासी गाडीची जुनी लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीच्या आकाराचा लोखंडी पाया, विचारात घ्यावी. मात्र तेव्हाही तारखेकडे लक्ष असू द्यावे. होर्ख ९०१ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत दोन्ही बाजूंना मोकळी फिरणारी स्टेपनीची चाके असत, जेणेकरून उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट टेकू नये. १९४० पासूनच्या नमुन्यातून ही चाके काढून टाकण्यात आली. १९४३ च्या प्रसंगात जुन्या नमुन्याची गाडी असणे अशक्य नाही, पण ती जुनी आहे हे तिच्या अवस्थेवरून दिसले पाहिजे.

माझी शिफारस फोक्सवॅगनच्या टाइप ८२, म्हणजेच क्यूबेलवागनची आहे. शरणागतीच्या प्रसंगात मुख्यालयातील अधिकारी, दुभाषे आणि निरोप्ये ज्या हलक्या मोटारींतून ये-जा करतात, त्या जागी ती अगदी चपखल बसते. १९४० ते १९४५ या काळात अशा ५०,००० हून थोड्या अधिक मोटारी बनल्या आणि उत्तर आफ्रिकेपासून रशियापर्यंत त्या सर्वत्र वापरल्या गेल्या. लांबी ३७४० मिलिमीटर, रुंदी १६००, हूड चढवल्यावर उंची १६५०, व्हीलबेस २४०० आणि वजन सुमारे ७२५ किलो, ही तिची मापे. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तिची बॉडी जवळजवळ संपूर्णपणे सपाट पत्र्यांची आहे. इंदूरच्या सांवेर रोडवरील एखादा चांगला फॅब्रिकेटर आणि एक अनुभवी डेंटर मिळून जे करू शकतील, त्याच्या मर्यादेत हे काम राहते. गोलाईदार मडगार्डना मात्र वेळ द्यावा लागेल.

आता काकांच्या जीपविषयी. ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्यूबेलवागनचे इंजिन मागे असते. तिच्या नाकाचा उतार, जाळी नसलेले तोंड आणि त्या उतारावर खोबणीत बसवलेली स्टेपनी हे सगळे पुढे इंजिन आणि रेडिएटर नसल्यामुळेच शक्य झाले आहे. जीपचे इंजिन पुढे आणि उंच असते. काकांची जीप महिंद्राचे सीजे-३बी हे मॉडेल असेल तर तिचे बॉनेट इंजिनाच्या उंचीमुळेच वर उचललेले आहे आणि तिचा व्हीलबेस जेमतेम २०३२ मिलिमीटर आहे. महिंद्राच्याच एमएम ५४० या मॉडेलचा २३११ आहे. लांबी एकवेळ फ्रेम वाढवून साधता येईल, पण नाकाचा उतार कधीच साधणार नाही, आणि जाणकाराची नजर सर्वप्रथम तिथेच जाते. मारुती जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, म्हणजे हव्या त्या मापाच्या अगदी जवळ असल्यामुळे पुष्कळांना तिचा मोह होतो, परंतु अडचण तीच राहते. पुढे इंजिन असलेली जिप्सी किंवा जीपच वापरायची असेल, तर मोटारही पुढे इंजिन असलेली निवडावी. श्टोवर, बीएमडब्ल्यू आणि हानोमाग या तिन्ही कारखान्यांनी एकाच आराखड्यावर बनवलेली हलकी लष्करी मोटार तशी आहे. ती उभ्या जाळीची, चौकोनी बॉनेटची आणि चारही चाकांना गती देणारी होती.

क्यूबेलवागनसाठी मला टाटा नॅनो अधिक योग्य वाटते. तिचे ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे आहे, रेडिएटरही मागेच आहे आणि सुमारे ३५ अश्वशक्ती मिळते. टाइप ८२ च्या सुरुवातीच्या ९८५ सीसी इंजिनाची शक्ती तर २४ अश्वशक्तीच्या आसपास होती. नॅनोला वेगळी फ्रेम नाही, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. म्हणून ती कापून क्यूबेलवागन बनवण्याचा प्रयत्न न करता चौकोनी पाइपांची स्वतंत्र फ्रेम तयार करावी आणि नॅनोचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचे सस्पेन्शन, स्टिअरिंग व ब्रेक तिच्यावर बसवावेत. इंजिन मागे असल्याने मधून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या इंजिनाची गती मागच्या चाकांना पोहोचवणारा दांडा, जात नाही. त्यामुळे नॅनोचा २२३० चा व्हीलबेस २४०० करताना फक्त केबल, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग लांबवावे लागते. फ्रेमचे रेखाटन मात्र आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून तपासून घ्यावे आणि पहिली चाचणी माणसे न बसवता, तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवून घ्यावी.

खरा पेच चाकांचा आहे. क्यूबेलवागनची चाके १६ इंची आणि अरुंद टायरची होती, तर नॅनोची १२ इंची आहेत. लहान चाके ठेवली, तर बाकी सगळे अचूक असूनही गाडी खेळण्यासारखी दिसेल. जीपचे ६.००-१६ टायर लावले, तर मागच्या चाकाचा व्यास सुमारे १.४ पट होतो. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी त्याच प्रमाणात जास्त पुढे जाते आणि इंजिन, क्लच व ॲक्सल यांच्यावरचा भार त्याच प्रमाणात वाढतो. हाच प्रश्न मूळ अभियंत्यांपुढेही होता. पायी चालणाऱ्या सैनिकांबरोबर मोटार ताशी ४ किलोमीटर वेगाने चालली पाहिजे, अशी लष्कराची अट होती. तेव्हा त्यांनी मागच्या दोन्ही चाकांच्या हबमध्ये गिअरची एकेक जोडी बसवली. त्यामुळे वेग खाली आला, ओढ वाढली आणि ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर गेल्याने गाडीचे पोटही जमिनीपासून उचलले गेले. चारही चाकांना गती नसूनही ही मोटार वाळूत आणि चिखलात चालत असे, त्याच्या मुळाशी ही योजना, मर्यादित सरक असलेले, म्हणजे एक चाक जागीच फिरू लागले तरी दुसऱ्याला ओढ देणारे डिफरन्शिअल आणि कमी वजन होते. हबमध्ये असे गिअर बसवणे आपल्याला झेपणारे नाही. म्हणून जुन्या अँबेसेडरचे ५.९०-१५ चे अरुंद टायर आणि रिम वापरावेत, असे मी सुचवेन. व्यास थोडा कमी पडतो, पण डोळ्यांना खटकत नाही. नॅनोच्या हबला तीनच बोल्ट असतात, त्यामुळे रिमसाठी लेथवर जाड ॲडॅप्टर बनवून घ्यावे लागतील. या एका भागात काटकसर करू नये. मैदानात गाडी पहिल्या गिअरमध्येच चालवावी आणि क्लच अर्धवट दाबून रेंगाळू नये.

आता पत्र्याच्या कामाकडे वळू. या मोटारीची ओळख म्हणजे दारांवर आणि बाजूंवर उठवलेल्या लांब पन्हळी. त्या शोभेसाठी नव्हत्या. सपाट पातळ पत्रा चालत्या गाडीत थरथरतो, वाजतो आणि आत-बाहेर उडतो. पन्हळी पाडल्या की तोच पत्रा ताठ होतो आणि वजन वाढत नाही. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा. पन्हळी पाडण्यासाठी बीडिंग मशीन उत्तम. ते न मिळाल्यास जाड प्लेटमध्ये खाच करून वरून गोल सळई दाबणारा साचा बनवून घ्यावा. क्रम फार महत्त्वाचा आहे. प्रत्येक पन्हळ पत्रा आपल्याकडे ओढते आणि त्याची रुंदी थोडी थोडी कमी होत जाते. दाराच्या मापाने आधीच कापलेल्या पत्र्यावर पन्हळी पाडल्या, तर दार चौकटीत ढिले बसते आणि कडाही वाकड्या होतात. म्हणून चारी बाजूंनी भरपूर पत्रा राखून आधी पन्हळी पाडाव्यात, मग माप लावून कापावे आणि शेवटी कडा दुमडाव्यात. पन्हळ कडेच्या थोडी आधी संपली पाहिजे, नाहीतर दुमडताना तिथे पत्रा सुरकुततो. वेल्डिंग करताना सलग शिवण मारू नये. लांब लांब अंतरावर टाके घालावेत, पत्रा थंड होऊ द्यावा आणि मग मधले टाके भरावेत. चारही दारांचे बिजागर मधल्या खांबाला आहेत, म्हणजे पुढची दारे पुढच्या बाजूने उघडतात आणि मागची मागच्या बाजूने. चालत्या गाडीत पुढचे दार उघडले, तर वारा ते सताड फाकवतो. म्हणून कडीबरोबर एक सुरक्षा साखळीही लावावी.

रंगाच्या बाबतीत आपली तारीख मोठी कसोटीची आहे. युद्धाच्या पूर्वार्धात, १९४० च्या मध्यापासून, जर्मन वाहने गडद करड्या, म्हणजे आरएएल या जर्मन रंग-तक्त्यातील ७०२१ क्रमांकाच्या रंगाची असत. फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळा हा मूळ रंग ठरवण्यात आला. आफ्रिकेसाठी १९४१ पासून पिवळसर तपकिरी, म्हणजे आरएएल ८०००, वापरात होता आणि अनेक वाहनांवर तो करड्या रंगावरूनच मारलेला असे. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात शरण आलेली मोटार ही कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली नसणार. म्हणून माझा कौल असा की, आधी संपूर्ण गाडी करडी रंगवावी, तिच्यावर तपकिरी रंगाचा पातळ, न चकाकणारा हात द्यावा आणि दारांच्या कडा, पायरी व बॉनेटचे कोपरे जिथे हात-पाय सतत लागतात, तिथे करडा रंग उघडा पडू द्यावा. दोन्ही रंग आरएएलच्या सध्याच्या तक्त्यात असल्याने रंगाच्या दुकानात क्रमांक सांगून मिसळून मिळतील. आपण २० जून १९४२ चा लिबियातील तोब्रुकचा प्रसंग निवडला असता, जिथे जर्मन हल्ल्याचा पहिला घाव आपल्या मराठा पलटणीच्या दुसऱ्या बटालियनवर पडला, तरी गाडी जवळपास अशीच राहिली असती. परंतु इटलीतील १० जुलै १९४४ चा प्रसंग घेतला, ज्या दिवशी नायक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी झुंज झाली, तर तीच मोटार गडद पिवळ्यावर हिरवे-तपकिरी पट्टे मारलेली दाखवावी लागली असती.

एक लहान दिवा अवश्य बनवावा. ब्लॅकआउटमध्ये ताफ्याने चालताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर कळावे म्हणून जर्मन वाहनांच्या मागे चार खिडक्यांचा एक दिवा असे. मागचा चालक फार जवळ आला की त्याला चार ठिपके दिसत, योग्य अंतरावर दोन आणि मागे पडला की सगळे मिळून एकच. चालकाने दोन ठिपके नजरेत धरून गाडी हाकायची, एवढा साधा नियम होता. पुढच्या डाव्या मडगार्डच्या बाजूला शिरस्त्राणाच्या आकाराचा, फक्त खाली उजेड टाकणारा नोटेक दिवा असे. संध्याकाळच्या सादरीकरणात हे दोन दिवे लागले, तर प्रेक्षकांना त्या काळच्या रात्रीच्या प्रवासाची कल्पना आपल्या निवेदनापेक्षा चांगली येईल.

रस्त्यावर चालवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून नॅनो सुटी केल्यावर कलम ५५ नुसार तिची नोंदणी रद्द करण्यासाठी आरटीओला रीतसर कळवावे, गाडी ट्रकवर चढवून न्यावी आणि फक्त बंदिस्त खासगी मैदानात चालवावी. डब्ल्यूएच अक्षरांची जर्मन सैन्याची नंबरप्लेट मैदानातच लावावी आणि वाटेत ती काढून ठेवावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ऐतिहासिक नाटकात जर्मन मोटार रंगमंचावर आणायची आहे. तिच्यावर नाझी झेंडा किंवा चिन्ह नसेल, तर प्रेक्षकांना ती जर्मन असल्याचे कळणार नाही, असे दिग्दर्शकांचे म्हणणे आहे. ते लावणे योग्य ठरेल का?
— एक वाचिका, देवास

उत्तर : लावू नये आणि त्याची गरजही नाही. या मोटारींवर रंगवलेले नाझी चिन्ह हा नियम नव्हता. विमानातून ओळख पटावी म्हणून कधीकधी बॉनेटवर झेंडा पसरत, पण आघाडीवरच्या बहुतेक मोटारींवर नंबरप्लेट आणि तुकडीची छोटी खूण एवढेच असे. प्रेक्षकांना ओळख पटते ती आकार, रंग आणि त्या प्लेटवरून. खुद्द जर्मनीत ही चिन्हे जाहीरपणे मिरवणे कायद्याने गुन्हा आहे, फक्त कला, शिक्षण आणि इतिहास यांसाठी सवलत आहे. मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या कारखान्यात क्यूबेलवागन बनत होती, तिथे १९४४ पर्यंत बहुसंख्य कामगार हे सक्तीने कामाला जुंपलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतून आणलेले कैदी होते. आपल्या नाटकाच्या पत्रिकेत किंवा निवेदनात हे एका वाक्यात तरी यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मोटार सुबक दिसते, म्हणून प्रेक्षक तिच्याबरोबर छायाचित्रे काढणारच. त्यांनी ही माहिती घेऊन घरी जावे.

प्रश्न : पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना विशेष नोंदणी मिळते, असे वाचले. प्रतिकृतीत जुन्या गाडीचे काही सुटे भाग वापरले, तर ती नोंदणी मिळेल का?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : मिळणार नाही. २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी आहेत. नव्याने घडवलेल्या बॉडीत जुने दिवे किंवा जुने स्टिअरिंग बसवले, म्हणून ती गाडी जुनी ठरत नाही. पीथमपूरचे नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र इंदूरच्या उंबरठ्यावर असल्यामुळे तिथे चाचणी करून घेता येईल का, असेही काही वाचक विचारतात. तिथल्या मान्यता चाचण्या उत्पादकांच्या नमुना वाहनांसाठी असतात. एका हौशी गाडीसाठी तो खटाटोप आणि खर्च परवडणारा नाही.

प्रश्न : मी जर्मन मोटारीऐवजी त्याच काळातील मित्रराष्ट्रांची जीप सजवत आहे. तिला मूळचा लष्करी हिरवा रंग देता येईल का? शिवाय जर्मन जेरी कॅन तिच्यावर लावला, तर चूक ठरेल का?
— एक निवृत्त सुभेदार, महू

उत्तर : सुभेदारसाहेब, रंगाबाबत सावध राहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण विभागाच्या वाहनांना देता येतो. आपली जीप नोंदणीकृत असून रस्त्यावर धावत असेल, तर वाळवंटी पिवळसर रंग द्यावा. उत्तर आफ्रिकेतील आपल्या डिव्हिजनांच्या गाड्यांना तो शोभूनही दिसेल. जेरी कॅन मात्र खुशाल लावावा. २० लिटरचा, दोन दाबलेल्या अर्धुकांची शिवण खोलगट ठेवून जोडलेला आणि वर तीन मुठी असलेला हा डबा मूळ जर्मन असला, तरी आफ्रिकेतील ब्रिटिश आणि भारतीय सैनिक हाती लागलेले डबे आवडीने वापरत. त्यांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे पेट्रोलचे डबे वाटेतच गळत असत आणि पुढे ब्रिटिशांनी व अमेरिकनांनी या जर्मन डब्याची नक्कल केली. तीन मुठींमुळे भरलेला डबा दोघांना मिळून धरता येतो आणि रिकामे दोन डबे एकाच हातात नेता येतात. प्रदर्शनात तो रिकामा व धुतलेला ठेवावा आणि झाकण उघडे असू द्यावे.